रोझीबाईंची माती

सावेडीतल्या नव्या व्यायामशाळेची फीत कापायला खासदार हनुमंत भिंगारदिवेच्या हातात कात्री दिली गेली, हलगी वाजायला लागली, आणि तेवढ्यात मागच्या गर्दीतून कुणीतरी हाक मारली, "सॅम्या!" हनुमंतची मान वळली. एवढंच झालं. हातातली कात्री तशीच होती, चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त मान खांद्यावरून मागे गेली आणि परत पुढे आली. फीत कापली, टाळ्या पडल्या, कुणी नारळ फोडला त्याचं पाणी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. आत गेल्यावर त्यानं एका चकचकीत यंत्रावर बसून लोखंडी दांडा ओढल्यासारखं केलं, फोटो निघाले. पण त्याचं सगळं लक्ष मानेकडं होतं. तिथली एखादी शीर आपल्याला न विचारता हलली, आपल्या अंगात आपल्या हुकमात नसलेलं काहीतरी अजून शिल्लक आहे, हे त्याच्या मनातून जाईना. हाक मारणारा आवाज त्यानं ओळखला होता. एंजेलाताईचा. बहीण फाटकापाशी, चहाच्या टपरीला टेकून उभी होती, पर्स छातीशी धरून. ती त्याला कधीही कार्यक्रमात भेटायला येत नसे. आली, आणि त्या नावानं हाक मारली, म्हणजे तिच्याकडं दुसरा उपाय उरला नसणार.

गाडीत बसल्यावर रज्जाकनं काच वर केली. रज्जाक त्याचा स्वीय सहायक. जिल्हा परिषदेच्या दिवसांपासूनचा, कमी बोलणारा माणूस.

"साहेब, मान वळवलीत तुम्ही."

"गर्दीत कुणीतरी धक्का दिला."

"कुणी दिला नाही. मी मागंच होतो. ताईंना मी रिक्षात बसवून दिलं. आईंनी कालपासून पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणतात. आता जाणार असाल तर आत्ताच जावं लागेल."

"कुणी बघितलं का?"

"ताईंना?"

"मान."

रज्जाकनं ड्रायव्हरला खूण केली. गाडी वळली. रस्त्यावर अहिल्यानगरच्या नव्या पाट्या लागल्या होत्या आणि रिक्षावाले अजून नगर नगर म्हणूनच ओरडत होते. हनुमंतला वाटलं, गावाला बरं असतं, दोन नावं असली तरी कुणी त्याला कोर्टात उभं करत नाही.

त्याची दोन नावं बापानंच ठेवली होती. बाप यशया, नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर. पणजोबांच्या वेळी घराणं ख्रिस्ती झालेलं. पण गावानं त्याची दखल घेतली नव्हती. वस्ती तीच राहिली, गावाबाहेरची. पाणवठा वेगळा तो वेगळाच. देव बदलला म्हणून कुणी त्यांच्या ओंजळीत जरा खालून पाणी ओतलं असं झालं नाही. आणि सरकारचा नियम असा, की ख्रिस्ती झालात म्हणजे तुमची जात संपली, तेव्हा सवलतही संपली. यशयामास्तरांनी ह्यावर फार विचार केला असावा. पोराला सरकारी शाळेत घालताना त्यांनी नाव सांगितलं, हनुमंत यशवंत भिंगारदिवे, हिंदू. स्वतःचं यशयाचं यशवंत केलं, बायकोचं नाव रोझी होतं, ते रंगुबाई झालं. पोरगा घरी येऊन विचारायला लागला, की बाबा, माझं खरं नाव कुठलं? तेव्हा मास्तर कंदिलाची काच पुसत होते. ते म्हणाले, "घरात सॅमसन, शाळेत हनुमंत. देवाला दोन्ही कळतात. सरकारला एकच कळतं, म्हणून त्याला एकच सांगायचं." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की त्यात काही लबाडी आहे असं हनुमंतला पुढं कितीतरी वर्षं वाटलंच नाही. शिष्यवृत्ती मिळाली, बी.एड. झालं, हायस्कुलात मराठीची नोकरी लागली. रविवारी तो मंडळीत, चर्चच्या उपासनेला, बसायचा आणि सोमवारी हजेरीपटावर हनुमंत म्हणून सही करायचा. दोन खोल्यांच्या घरात एका खोलीतून दुसरीत जावं इतकं ते सोपं होतं. मधल्या दाराला कडी आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते दार आबासाहेबांनी बंद केलं. आबासाहेब म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन, तालुक्यात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. गळीत हंगामाच्या शुभारंभाला हायस्कुलातल्या भिंगारदिवे सरांना सूत्रसंचालनाला बोलावलं होतं आणि सर बोलायला लागले तशी मोळी टाकायला आलेली माणसं हातातली तंबाखू मळायची थांबली. तो आवाज मंडळीत घडलेला होता. लहानपणी बाप त्याला बायबलातला शास्त्रपाठ वाचायला उभा करायचा, मागच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे आणि पुढच्या बाकावरच्या बाळाची झोप मोडता कामा नये, असं सांगायचा. आबासाहेबांना एवढं माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी फक्त आवाज ऐकला. आधी जिल्हा परिषद झाली. मग लोकसभेची जागा राखीव झाली, आणि त्यांना असा माणूस हवा होता, जो दिल्लीत बोलेल आणि नेवाशात गप्प बसेल. "हनुमंतराव, तुमी फक्त हात जोडायचे. बाकीचं आमी बघतो," असं ते म्हणाले, आणि खरोखरच बाकीचं सगळं त्यांनी बघितलं. उमेदवारी त्यांची, गाड्या त्यांच्या, माणसं त्यांची. संसदेत विचारायचे प्रश्नसुद्धा कारखान्याच्या गेस्टहाऊसवर तयार व्हायचे. पहिल्या वर्षी हनुमंतला ह्याची लाज वाटली. पण मग एकदा भंडारदऱ्याच्या पाण्यावर, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही ह्यावर, तो कागद बाजूला ठेवून बोलला. सभागृहात कुणी मोबाईल बघत होतं, कुणी पेंगत होतं. बोलता बोलता समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या सदस्यानं मान वर केली आणि ती शेवटपर्यंत खाली घातली नाही. त्या वर उचललेल्या एका मानेसाठी आपण काहीही देऊ, असं हनुमंतला त्या दिवशी वाटलं. काय काय द्यावं लागेल, ते तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

लोकसभेच्या उमेदवारीचा पहिला अर्ज भरला त्या आठवड्यात त्यानं आईला मंडळीत जाऊ नकोस असं सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत झाली नसती. आबासाहेबांचा वकील घरी आला, चहा प्यायला, आणि आईच्या देखत म्हणाला, "साहेब, आता रविवारी जरा जपून." पुढच्या रविवारी आई पहाटे उठली, न्हाली, केसांना तेल लावलं, पांढरं लुगडं नेसली, गायनाचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसली. उपासनेची वेळ टळेपर्यंत बसली. मग उठून आत गेली आणि भाकरी थापायला लागली. दर रविवारी असंच. स्नेहल, त्याची बायको, हिंदू घरातली. तिला प्रथम वाटायचं सासूबाईंना कुणी न्यायला येणार आहे. नंतर ती त्या खुर्चीसमोरून जायची टाळायला लागली. आई एका शब्दानं बोलली नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. बोलली असती तर हनुमंतनं तिच्याशी वाद घातला असता, बाबांनीच हे सुरू केलं म्हणाला असता. पण खुर्चीत बसलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? रविवारी तो मतदारसंघात दौरे लावायला लागला. जामखेडच्या लग्नाला, अकोल्याच्या जत्रेला, जिथं त्याचं मत नाही तिथंसुद्धा जायचा. आजारी पडली तेव्हा आई आपणहून म्हणाली, मला अँजीकडं ठेवा. एंजेला नर्स, नुकतीच निवृत्त झालेली, नगरला चर्चच्या मागच्या कॉलनीत राहायची. तिथं आईला खिडकीतून घंटा ऐकू येत असे. आणि तिथं हनुमंतला फारसं जाता येत नसे, कारण दुसऱ्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवारानं हायकोर्टात अर्ज टाकला होता की हा माणूस ख्रिस्ती आहे, राखीव जागेवर तो उभाच राहू शकत नाही.

अर्जाची त्याला स्वतःपुरती भीती नव्हती. खासदारकी गेली असती, जाऊ दे. पण आराधना, त्याची मुलगी, वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्याच जातीच्या जोरावर. बाप खोटा ठरला की पोरगी खोटी ठरणार. वकिलानं सांगून ठेवलं होतं, "ही टर्म संपेपर्यंत कळ काढा. पुन्हा उभे राहिला नाहीत, की त्या अर्जात कुणाला रस उरणार नाही. हळूहळू विझेल." तेव्हा हनुमंतनं मनाशी ठरवलं होतं, ही शेवटची. आबासाहेबांच्या कानावरही घातलं होतं. ते नुसते हसले होते. पण हनुमंतचं ठरलं होतं, आणि त्या ठरवण्यातून त्याला कुठंतरी लांब उजेड दिसायचा. आणखी दीड वर्ष. मग आईच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसू, नाहीतर सरळ तिचा हात धरून मंडळीत जाऊ. आईला तेवढं थांबायला हवं होतं.

कॉलनीच्या अलीकडं गाडी थांबवून तो पायी गेला. खोलीत डेटॉलचा वास होता. आई इतकी लहान झाली होती की पलंगावर पांघरूणच पसरून ठेवलंय असं वाटत होतं. तोंड उघडं, ओठांवर खपल्या. एंजेला म्हणाली, "बस तू, मी दवाखान्यातनं सलाईन घेऊन येते. ऐकू येतंय तिला, बोल तिच्याशी," आणि गेली. हजारोंच्या सभेत न अडखळणारा माणूस आईच्या मनगटावर बोट फिरवत बसला. मग एकदम म्हणाला, "आई, पुढं कसं करू?" त्याला म्हणायचं होतं, तू गेल्यावर. ते तो म्हणाला नाही. आईचे डोळे उघडले. तिनं त्याला ओळखलं, ह्यात शंका नव्हती, कारण डोळ्यांच्या कडा तशाच हलल्या जशा तो लहानपणी उशिरा घरी आल्यावर हलायच्या. घशातून आवाज आला. तो वाकला. "जा...ळ," आई म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, अजून तुटक. जाळ. हनुमंत सरळ झाला. पहिल्यांदा त्याच्या छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं, मोठा भार उतरावा तसं, आणि मग त्याला स्वतःची किळस आली. आईला त्याचा प्रश्न कळला होता. बापाशेजारी कबरीत जायचं सोडून ती त्याला सांगत होती की मला जाळ, तुझं अडू नये. त्यानं तिचा हात कपाळाला लावला. रज्जाक दारात येऊन उभा राहिला होता, नियोजन भवनातल्या बैठकीची वेळ झाली होती.

आई त्याच संध्याकाळी गेली, दिवेलागणीला. हनुमंत पोचेपर्यंत बातमी फोनाफोनी पसरली होती. सकाळी कॉलनीच्या तोंडाशी आबासाहेबांची माणसं फुलांनी सजवलेली गाडी घेऊन उभी होती, आणि घरात मंडळीच्या बायका पलंगाभोवती बसून गात होत्या. गल्लीत मधोमध हनुमंत. आबासाहेबांचा फोन तोवर येऊन गेला होता. "हनुमंतराव, वाईट झालं. पन घाबरू नका. अमरधामला सगळी तयारी हाय. कॅमेरेवाले बी येतील. आज काय दिसंल, त्याच्यावर लई अवलंबून हाय, हे तुमाला सांगायला नको." फ्लेक्स रातोरात छापून चौकात लागलासुद्धा होता. आईच्या जुन्या फोटोत कुणीतरी कपाळावर अष्टगंधाचा टिळा काढला होता आणि खाली लिहिलं होतं, कै. रंगुबाई यशवंत भिंगारदिवे. टिळा इतका सफाईनं काढला होता की हनुमंत क्षणभर आठवायला लागला, आई कधी लावत होती का.

एंजेला दारातच उभी होती. रात्रभर रडून तिचे डोळे कोरडे झाले होते.

"बाबांच्या शेजारची जागा साफ करून घेतलीय," ती म्हणाली. "पाळकसाहेब येतायत. तू येऊ नको, तुला अडचण असंल तर. मी तुला बोलावत न्हाई. फक्त त्या गाडीला परत पाठव."

"ताई, आईनं मला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"जाळा म्हणून."

एंजेला त्याच्याकडं बघत राहिली. "आई तीन दिवसांत एक शब्द बोलली नव्हती."

"काल बोलली. तू सलाईन आणायला गेलीस तेव्हा. मला ओळखलं तिनं."

"शब्द काय होते? जसे होते तसे सांग."

"जाळ म्हणाली. दोनदा म्हणाली."

गाण्याचं एक कडवं आत संपलं. दुसरं सुरू झालं. एंजेला अगदी हळू, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तशी म्हणाली, "सॅम, तिचं तोंड मिटत नव्हतं. ओठ मिटल्याशिवाय ब निघत न्हाई. जा बाळ म्हणाली आसंल ती. तुला उशीर होत हुता ना? तुला कायमच उशीर होत असतो. जा बाळ."

जा बाळ. हायस्कूलला सायकलवरून निघताना, प्रचाराला निघताना, दिल्लीला निघताना आई हेच म्हणायची. दुसरं काही म्हणतच नसे. त्याला आता तो आवाज कानात पुन्हा ऐकायचा होता, पण काल तो ऐकल्यावर त्यानं त्याच्यावर लगेच स्वतःचा अर्थ बसवून टाकला होता, आणि आता खाली काय होतं ते दिसत नव्हतं. रस्त्याच्या तोंडाशी कॅमेरेवाला तिपाई उभी करत होता. आराधना रात्रीच्या बसनं येऊन कोपऱ्यात बसली होती, आजीच्या पायाशी, मांडीवर कॉलेजची बॅग. तिच्याकडं बघत तो म्हणाला, "जाळच म्हणाली. मी ऐकलं."

"देवाला स्मरून सांग."

त्यानं सांगितलं. कुठल्या देवाला, हे तिनं विचारलं नाही.

एंजेला दारातून बाजूला झाली. ती आडवी पडेल, आरडाओरडा करेल, मंडळीची माणसं गोळा करेल, अशी त्याची कुठंतरी अपेक्षा होती. खरं तर इच्छाच होती. कुणीतरी त्याला अडवायला हवं होतं. पण ती नुसती बाजूला झाली, आणि माणसं आत गेली. बायकांनी गाणं थांबवलं नाही. आई उचलली जात असताना, गाडीत ठेवली जात असताना, हनुमंतच्या हातात मडकं दिलं जात असताना मागून ते गाणं येतच होतं, आणि शब्द त्याला पाठ असल्यामुळं ओठ आतल्या आत हलत होते. ते हलू नयेत म्हणून त्यानं दातांनी धरून ठेवले. अमरधामला प्रचंड गर्दी झाली. अग्नी देताना सरणावर काय आहे तिकडं त्यानं बघितलं नाही, हातातल्या पेटत्या टेंभ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच फोटो आला. वकिलाचा निरोप आला, उत्तम झालं.

सावडायला गेला तेव्हा राख अजून कोमट होती. स्नेहल, आबासाहेबांचा मुलगा, चार कार्यकर्ते. दूध शिंपडलं, अस्थी मडक्यात भरल्या. हनुमंतनं वाकून राखेत हात घातला आणि तो हात बाहेर काढताना बोटांत आलेले चार-सहा तुकडे मडक्यात टाकले नाहीत. रुमालात घेतले आणि खिशात घातले. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. आपण काय केलं, हेसुद्धा हात खिशात गेल्यावरच कळलं. दुपारी तो एकटा, स्वतः गाडी चालवत, एंजेलाकडं गेला. तिनं दार उघडलं, बसायला सांगितलं नाही. त्यानं रुमाल पुढं केला.

"हे बाबांच्या शेजारी ठेव. कुणाला कळणार नाही."

एंजेलानं गाठ सोडून बघितलं. तिनं आयुष्यभर हाडं बघितली होती. तिनं पुन्हा गाठ मारली, नीट, घट्ट, आणि रुमाल त्याच्या हातात परत दिला.

"प्रसाद आणलास का?" ती म्हणाली. "मला अर्धी आई नको, सॅम. ठेवायची हुती तर आख्खी ठेवायची हुती."

"ताई, मी सोडणार आहे हे सगळं. ही टर्म झाली की सोडणार आहे."

"आईला सांगितलं हुतंस?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग मला तरी कशाला सांगतोस," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

दहाव्याला नेवाशात प्रवरेच्या घाटावर मांडव घातला होता. न्हाव्यानं हनुमंतचे केस उतरवले, वारं डोक्याला बोचायला लागलं. मडक्यातल्या अस्थी त्यानं पाण्यात सोडल्या. सदऱ्याच्या खिशातला रुमाल तेव्हाच सोडायचा असं त्यानं ठरवलं होतं, पण पाण्यात उभा असताना हात तिकडं गेलाच नाही. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. रंगुमातेच्या संस्कारांवर कोण कोण बोललं, त्यातल्या एकानंही तिला पाहिलं नव्हतं. शेवटी हनुमंत उठला. आवाज लागला, नेहमीसारखाच. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचला. आई किती कमी बोलायची, हे सांगताना त्याचे डोळे भरून आले, आणि मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अश्रू खरे होते. ते ज्या कामाला लागले होते तेही त्याला दिसत होतं. खाली बसल्यावर आबासाहेबांनी त्याच्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "आता पुढच्या वेळंची काळजी नको," ते म्हणाले. "लोकांनी तुमाला आपलं मानलं." हनुमंत म्हणाला, "आबासाहेब, मी तुम्हाला बोललो होतो, पुढची मला नको." ते म्हणाले, "दुखात माणूस आसं बोलतोच. सावकाश सांगा."

अधिवेशन सुरू झालं तसा तो दिल्लीला गेला. विमानतळावर खिशात रुमाल असलेलं जाकीट काढून ट्रेमध्ये ठेवायला लावलं. आई यंत्रातून गेली, पलीकडून आली, कुणी काही विचारलं नाही. दिल्लीचं सरकारी घर तळमजल्यावर होतं. समोर हिरवळीचा एक तुकडा, मेंदीचं कुंपण, थंडीतलं मऊ ऊन. सभागृहात जाताना तो रुमाल बरोबर घेऊन जायचा, कारण घरी कपाटात ठेवला आणि सफाईवाल्यानं हात लावला तर, अशी भीती वाटायची. बाकावर बसल्यावर उजव्या बाजूला किंचित टोचायचं. प्रश्नोत्तरं चालू असताना तो त्या टोचण्याकडं कान लावून बसायचा, जणू काही ते अजून एकदा तो शब्द बोलेल आणि ह्या वेळी त्याला नीट ऐकू येईल.

रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. रज्जाक मतदारसंघात गेला होता. हनुमंतनं कुंपणाच्या कडेला, भिंतीच्या आडोशाला, माळ्याच्या खुरपीनं हिरवळीचा एक गड्डा कापून बाजूला ठेवला आणि माती उकरली. माती अनोळखी होती, पिवळसर, भुसभुशीत, नगरकडच्या काळ्या मातीसारखी हाताला चिकटणारी नव्हती. त्यानं कोपरभर खोल खड्डा केला, रुमाल ठेवला आणि गुडघ्यावर बसला. बाबांना ठेवताना पाळकसाहेबांनी म्हटलेले शब्द त्याला आठवत होते. ते तो मोठ्यानं म्हणाला. कुणासाठीही नाही, मागच्या रांगेतल्या कुणाला ऐकू जावं म्हणूनही नाही, आणि म्हणूनच की काय आवाज लागला नाही, फाटला, पोरासारखा झाला. शेवटी तो म्हणाला, रोझी यशया भिंगारदिवे. मग मूठमूठ माती लोटली. तळवे मातीवर टेकून तो बराच वेळ तसाच बसून राहिला, आणि त्याच्या ध्यानात आलं की कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एका रविवारी आपण कुठं पळून गेलेलो नाही. आईजवळ बसलो आहोत.

"साब, कुछ लगाया क्या?"

सरकारी माळी फाटकात उभा होता, सायकल धरून. सुट्टीच्या दिवशी पाण्याची मोटर बघायला आला असावा. हनुमंत गडबडीनं उठला. "हां. गांव से लाया था. बीज है."

"लगाइए, लगाइए," माळी खुशीत म्हणाला. "जब तक आप हैं तब तक रहेगा. नए साब आते हैं तो ठेकेदार पूरा लॉन खोद देता है, एक हाथ नीचे तक. नई मिट्टी, नई घास. पिछली बार तो यहां अमरूद था, वो भी गया." एवढं सांगून तो मोटरीकडं गेला.

हनुमंत तिथंच उभा राहिला. ऊन तसंच मऊ होतं. खुरपी अजून हातात होती. पुन्हा उकरावं, बाहेर काढावं असं त्याच्या मनात आलं. पण काढून कुठं न्यायचं? एंजेलाच्या दारात नाही. नदीवर नाही, ते सगळ्यांसमोर होऊन गेलं होतं. खिशात? आणि आता तर शब्द म्हणून झाले होते. नाव घेऊन झालं होतं. एकदा ठेवलेल्या माणसाला असं कुणी उठवत नाही. आराधनाची आणखी वर्षं त्यानं मोजायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली. मग त्यानं फोन काढला, आणि आबासाहेब लगेच उचलणार नाहीत अशी आशा करत राहिला. त्यांनी उचलला.

"बोला, हनुमंतराव."

"पुढच्या वेळेचं म्हणत होतात." त्याचा आवाज आता पुन्हा लागला होता, खणखणीत. "उभा राहतो मी."

"आता कसं! मला ठावं हुतं. वकिलाला मी सांगतो, लढू म्हनावं आपुन. आईचे आशीर्वाद हायेत तुमाला."

"हायेत," हनुमंत म्हणाला.

फोन ठेवून त्यानं माळ्याची झारी भरून आणली. मघाशी कापून काढलेला हिरवळीचा गड्डा परत जागेवर बसवला, कडा बोटांनी दाबल्या, आणि तो तुकडा बाकीच्या हिरवळीत मिसळून जाईपर्यंत तो पाणी घालत राहिला.